सवयीवर उभं छप्पर

बाई कुठंही शिरल्या की आधी वर बघायच्या. समोरच्या माणसाकडे लक्ष नाही, नमस्कार नाही. मान मागे टाकून नजर थेट आढ्याला. यजमान बिचारा हात जोडून उभा. मग गोंधळून तोही वर बघायचा. घरातली बाकीची माणसंही वर बघायची. जळमटं दिसायची, घरधनिणीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि बाई समाधानानं म्हणायच्या, "हां. आता बोला."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एका लग्नात. माझा फोटो स्टुडिओ आहे, त्यामुळे माणसं मला आधी चौकटीतच दिसतात. वऱ्हाडाचा ग्रुप फोटो घेत होतो. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते आणि मागच्या रांगेत एक सावळी, उंच, करड्या केसांची बाई छताकडे बघत होती. मी दोनदा म्हणालो, "ताई, इकडं." त्या म्हणाल्या, "ओ फोटोवाले, नवरीला झुंबराखाली बसवू नका. वरचा हुक लई बारीक हाय."

खुर्च्या सरकवल्या. झुंबर काही पडलं नाही. पण त्यानंतर मी आजवर एकाही नवरीला झुंबराखाली बसवलेलं नाही.

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल. गाव त्याला हसतं आणि त्याचं ऐकतंही. आमच्याकडे त्या 'नकाशावाल्या बाई' होत्या. शिक्षणानं आर्किटेक्ट. पुढं पुढं सगळे नुसतंच 'बाई' म्हणायला लागले. या 'बाई' शब्दानं नंतर काय घोटाळा केला ते सांगतो, पण त्याआधी टौनहालाबद्दल सांगायला हवं.

बीडहून एस.टी.नं येऊन आमच्या गावात उतरलात की पहिल्यांदा नजरेला पडायचा तो टाऊन हॉलचा मनोरा. आमच्या तोंडी टौनहाल. काळ्या दगडाची लांबट इमारत, टोकदार कमानींच्या उंच खिडक्या, उतरतं कौलारू छप्पर, पुढं घोडागाडी उभी राहील असा पोर्च आणि त्यावर चौकोनी मनोरा. मनोऱ्यात घड्याळासाठी गोल जागा ठेवलेली. घड्याळ मात्र कधी आलंच नाही. म्हणून आमच्याकडे जी गोष्ट होणार नाही तिला 'टौनहालात बारा वाजले की' असं म्हणतात. माझ्या स्टुडिओच्या दारातून तो पूर्ण दिसायचा. त्यात लग्नं झाली, मतमोजणी झाली, रेशनची पोती राहिली, लसीकरण झालं. विलायतेत व्हिक्टोरिया राणी आणि इकडे निजामाचं राज्य असताना तो बांधला, एवढंच गावाला ठाऊक होतं. बाकीचं बाईंनी सांगितलं.

"हा हॉल दोन घरचा हाय," त्या म्हणायच्या. "सासर विलायतेत, माहेर हितं."

मग सुरू व्हायच्या. नकाशा कुठल्या तरी इंग्रजी छावणीतल्या छापील नमुन्यावरून उतरवलेला असणार. निजामाच्या एखाद्या अंमलदारानं नगरच्या बाजूला तसलं काही पाहिलं असेल आणि आपल्याही गावात हवं म्हणाला असेल. कागद सापडत नाही, पण इमारत सांगते. छपराचा उतार बघा, बर्फ घसरून पडावा असा. "हितं बर्फ कवा पडला?" बाजूच्या साहेबाच्या खोलीत भिंतीत शेकोटी आणि वर चिमणी. "बीड जिल्ह्यात शेकोटी! साहेबाला मे महिन्यात हुडहुडी भरत असंल." त्या चिमणीत पिढ्यान्‌पिढ्या पारवे नांदत होते. उंच खिडक्या ऊन आत घेण्यासाठी. पण बांधणारे मिस्त्री आपले. त्यांनी तिन्ही बाजूंनी खोल वऱ्हांडा ओढला, बायकांसाठी वर जाळीचा सज्जा केला, छपराखाली गरम हवा निघून जायला झरोके ठेवले. "खिडकी त्यांची, सावली आपली," असं म्हणून त्या वऱ्हांड्यातल्या ओतीव लोखंडाच्या खांबावर थाप मारायच्या. "आणि हे बिडाचे खांब. बिडाचे, बीडचे न्हवं!"

हा विनोद त्या प्रत्येक वेळी करायच्या. कुणी हसायचं नाही. त्या एकट्याच पोटभर हसायच्या.

छपराच्या कडेला, पावसाचं पाणी पडायला, दगडी तोंडं होती. गाव त्यांना सिंह म्हणायचं. बाईंचं म्हणणं, नकाशात सिंह असतील, पण आपल्या पाथरवटानं सिंह कुठं बघितलेला? त्यानं रोज दिसणारे मेंढे घडवले. यावरून हॉलच्या भिंतीला लागून हॉटेल चालवणाऱ्या गफूरभाईंशी त्यांची कायम हुज्जत. शेवटी एकदा बाईंनी आपल्या धाकट्या भावाला आणलं. हा भाऊ वडवणीकडे मेंढरं राखतो. त्यानं डोक्यावरचं पागोटं सावरत खालून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "मेंढाच हाय. पर जरा आजारी वाटतोय."

गफूरभाईंनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

बाईंचं सगळं घरच मेंढपाळांचं. लहानपण कापडी पालात गेलं. आज या रानात, उद्या त्या. "पाल कवा उडंल त्याचा नेम न्हाई," त्या मला एकदा म्हणाल्या. "मी झोपायची ती वर बघत. तीच खोड राहिली." पुढं वसतिगृहात राहून शिकल्या, पुण्याला जाऊन आर्किटेक्ट झाल्या, तिथंच बरीच वर्षं नोकरी केली. लग्न केलं नाही. आई आजारी पडली म्हणून परत आल्या, आई गेली आणि त्या राहिल्याच. नगरपरिषदेत गेल्या की शुद्ध पुणेरी बोलायच्या. चिडल्या की भाषा वडवणीला परत जायची.

माझी आई दवाखान्यात होती तेव्हा त्या भेटायला आल्या. आल्या आल्या वर बघितलं. मग वॉर्डबॉयला म्हणाल्या, "पंखा डुलतोय. खाट सरकवा." खाट सरकवून झाल्यावर आईचा हात हातात घेऊन बसल्या त्या संध्याकाळपर्यंत. आई नंतर म्हणाली, "येडी हाय रे ती. पर अशी एक घरात असावी."

टौनहाल पाडून तिथं दुकानांची इमारत उभी करायची, असा ठराव एकदा झाला. बाईंनी त्याविरुद्ध जी कंबर कसली ती वर्षानुवर्षं सोडली नाही. शाळेच्या पोरांना घेऊन हॉलभोवती फिरायच्या. सभेत उठून बोलायच्या. कचेरीत ताटकळायच्या. मला इमारतीच्या कोपऱ्यान्‌कोपऱ्याचे फोटो काढायला लावले. आणि जिथं तिथं एक वाक्य: "हा हॉल अजून शंभर वर्षं हलत नाही. ह्याच्या भिंतीची जाडी बघा!" ते वाक्य कापडी फलकावर रंगवलं गेलं. गफूरभाईंच्या हॉटेलात चहा उकळायला वेळ लागला की गिऱ्हाईक म्हणायचं, "गफूरभाई, शंभर वर्षं हलत न्हाई का काय?"

अखेर पाडण्याचा विचार मागे पडला, दुरुस्ती मंजूर झाली. नगराध्यक्षांनी टौनहालातच बाईंचा सत्कार केला. हार घालताना त्यांनी मान खाली करायला हवी होती. त्या वर बघत होत्या. हार कानाला अडकला.

मागे कुणाच्या तरी कारकिर्दीत हॉलला आतून सिमेंटचा गिलावा चढवून वर गुलाबी रंग फासला होता. बाईंचा त्याच्यावर फार राग. "चुन्यातून भिंत श्वास घेती. सिमेंट म्हंजी नाकावर उशी." त्यामुळे काम सुरू झालं तेव्हा पहिली आज्ञा सुटली ती हा गिलावा उतरवण्याची. छपराचा भार पेलणाऱ्या मोठाल्या तिकोनी सागवानी कैच्या दोन्ही भिंतींत जिथं टेकतात, तिथपर्यंत परांची बांधली. इतकी वर्षं त्या जागा गिलाव्याच्या आत झाकलेल्या होत्या. उघडायला परवानगी आत्ता मिळाली होती.

त्या दुपारी मी खाली कॅमेरा पुसत होतो. वरून हाक आली, "फोटोवाले, वर या." आवाज नेहमीसारखा नव्हता.

मी चढून गेलो. गवंड्यानं नुकताच गिलावा फोडला होता. भिंतीत शिरणारं कैचीचं टोक उघडं पडलं होतं. बाहेरून तो अख्खा सागाचा सोट दिसत होता, माझ्या कमरेएवढा जाड. बाईंच्या हातात पेचकस होता. त्यांनी तो लाकडाला टेकवला आणि नुसता दाबला. शिळ्या भाकरीत बोट जावं तसा तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा तपकिरीसारखी पूड खाली सांडली.

दुसऱ्या कैचीचं टोक तसंच. तिसरीचंही. छपराच्या कडेचं पन्हाळ तुंबून पाणी भिंतीत मुरत होतं आणि सिमेंटनं ते आत कोंडून धरलं होतं. सागवान कुजलं, उरलेलं वाळवीनं खाल्लं.

मी विचारलं, "बाई, मग हे छप्पर उभं कशावर आहे?"

त्यांनी पेचकस पदराला पुसला.

"सवयीवर," त्या म्हणाल्या.

 परांचीवरून उतरलो कसा ते आठवत नाही. एवढं आठवतं की बाईंनी भिंतीला हात लावलेला होता आणि त्यांचा चेहरा, डॉक्टरांनी हात टेकल्यावर मी आईला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आरशात पाहिलेल्या माझ्या चेहऱ्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मुलींच्या वसतिगृहाचं, काम सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं स्नेहसंमेलन होतं. ऊसतोडीला आईबाप जातात त्यांच्या मुली या वसतिगृहात राहतात. खुर्च्या येऊन पडल्या होत्या, स्टेज सजलं होतं. बाई तशाच धुळीच्या साडीवर नगराध्यक्षांकडे गेल्या. मी बरोबर होतो.

"साहेब, हॉल बंद करा. आजच."

अध्यक्षांना वाटलं, रंगाचं काही राहिलंय. बाईंनी पेचकसाचं सांगितलं. ते हसले. "बाई, इतकी वर्षं तुम्हीच आमच्या डोक्यात भरवलं की शंभर वर्षं हलत नाही. आता एक दिवस हलेल होय? पाहुणे येणार आहेत. परवापासून बंद करू."

"परवापर्यंत थांबा असं तुमी छपराला सांगा," बाई म्हणाल्या आणि निघाल्या. वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंकडेही गेल्या. त्या म्हणाल्या, अध्यक्षांनी होकार दिलाय, मी कोण नाही म्हणणार?

सकाळी हॉल गच्च भरला. नऊवारी नेसलेल्या, केसांत कागदाची फुलं खोचलेल्या मुली. कुणी कोळीण, कुणी जिजाऊ. सज्ज्यातसुद्धा मुली. मी फोटो काढायला स्टेजच्या पायथ्याशी होतो आणि राहून राहून वर बघत होतो. स्वागतगीत संपलं आणि बाई बाजूच्या दारातून थेट स्टेजवर चढल्या. सूत्रसंचालकाच्या हातातून त्यांनी माईक घेतला. घेतला म्हणजे हिसकावलाच.

"मी ह्या गावाला सांगत आले, हा हॉल मजबूत आहे," त्या म्हणाल्या.  "मी खोटं बोलत नव्हते. पण मी चुकले. आतलं बघितल्याशिवाय बोलले. काल बघितलं. हा हॉल मजबूत नाही. हे छप्पर कधीही खाली येईल. मी चुकले, हे सगळ्यांसमोर सांगते. पोरींनो, पळू नका, ढकलू नका. उठा आणि बाहेर चला."

 मग मागून कुणीतरी शिट्टी मारली. अध्यक्ष खुर्चीतून उठले. "बाई, खाली उतरा. पाहुण्यांसमोर हा काय तमाशा?" मुली अधीक्षक बाईंकडे बघत होत्या. अधीक्षक बाई अध्यक्षांकडे बघत होत्या. कुणीही जागचं हललं नाही.

बाईंनी माईक खाली ठेवला. त्या स्टेजवरून उतरल्या, पहिल्या रांगेतल्या सगळ्यात बारक्या मुलीसमोर वाकल्या. "चल बाळा. हात दे." ती मुलगी उठली. तिच्या मागची उठली. एकमेकींचे हात धरत रांगच्या रांग उठली. "सज्ज्यावरच्या, हळू. नाचत उतरू नका. एक एक. हळू, लेकरांनो." त्या वर बघत होत्या आणि तोंडानं चुचकारत होत्या, रानात कळप वळवताना चुचकारतात तसं. शेवटची मुलगी पोर्चबाहेर पडेपर्यंत त्या आत उभ्या होत्या.

संमेलन अंगणात, लिंबाखाली झालं. माईक नव्हता. अध्यक्ष आणि पाहुणे निघून गेले होते. कोळणी धुळीत नाचल्या.

आणि टौनहाल? तो उभाच राहिला. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात. ऐटीत उभा. वर पारवे घुमत होते.

मग गावानं बाईंना असं काही धरलं की विचारू नका. ज्यांनी फलक उचलले होते ते म्हणाले, बाई दुकानवाल्यांना फितूर झाल्या. ज्यांना दुकानं हवी होती ते म्हणाले, आता का? पाडू द्यायचं होतं की तेव्हाच. गफूरभाई रोज सकाळी हाक मारायचे, "क्या बाई, पड्या क्या आज?" आणि सगळं हॉटेल हसायचं. बाई थांबून उत्तर द्यायच्या. "न्हाई अजून. तुमचं बाकडं जरा रस्त्याकडं सरकवा." गफूरभाई बाकडं आणखी हॉलच्या भिंतीकडे सरकवायचे.

बाईंनी पोर्चमधल्या दाराला स्वतःचं कुलूप लावलं, 'आत जाऊ नये' अशी पाटी रंगवली. पण स्वतः मात्र रोज दुपारी आत जायच्या. आत एक ओळंबा टांगला होता. भिंत किती कलते ते बघायच्या. चपला पायरीवर काढून जाड बूट घालायच्या, कारण खाली कौलांच्या कपच्या पडलेल्या असत. मी म्हणालो, "दुसऱ्यांना बंदी आणि तुम्ही?"

"मी हितं पाव्हणी न्हाई," त्या म्हणाल्या.

तो बाजाराचा दिवस होता. दुपारची वेळ. नेकनूरकडून, आसपासच्या वाड्यांवरून माणसं आलेली. मी दुकानात पासपोर्ट फोटो कापत होतो. आधी पारवे उडाले. सगळेच्या सगळे, एकदम. मी मान वर केली. मनोऱ्यामागचं छप्पर मधोमध हळूच वाकलं. अगदी हळू, म्हातारं माणूस खाली बसतं तसं. आणि मग जो आवाज झाला तो मला अजून सांगता येत नाही. दगड उतरवणाऱ्या शंभर गाड्या एकदम रिकाम्या व्हाव्यात तसा, आणि तो संपेचना. सज्ज्याची बाजू बाहेर झुकली आणि कोसळली. धूळ माझ्या दुकानात शिरली. काही दिसेना.

धूळ जराशी बसली तेव्हा पोर्च आणि मनोरा जागेवर होता. त्याच्या मागे आकाश होतं.

पोर्चच्या पायरीवर बाईंच्या चपला होत्या.

कुणीतरी किंचाळलं, "बाई आत हायत!"

त्यानंतर मी जे पाहिलं ते याआधी कधी पाहिलं नव्हतं, पुन्हा पाहायचं नाही. अख्खा बाजार धावला. भाजीवाल्यांनी पाट्या टाकल्या. गफूरभाई, ज्यांचं बाकडं भिंतीखाली चेपलं होतं आणि जे केवळ साखर आणायला गेले म्हणून वाचले होते, ते अनवाणी ढिगाऱ्यावर चढले आणि दोन्ही हातांनी कौलं फेकू लागले. ते रडत होते आणि शिव्या देत होते, कुणाला ते कळत नव्हतं. नगराध्यक्ष आले. पांढऱ्याशुभ्र कपड्यात तसेच वर चढले, वासे ओढू लागले. मीही उपसत होतो. बोटं सोलवटली होती, पण दुखत नव्हती. माझ्या डोळ्यांपुढं एकच होतं. या दगडांखाली त्या दिवशी त्या मुली असू शकल्या असत्या. सज्ज्यावरच्या, कागदाची फुलं घातलेल्या. मी तो विचार ढकलत होतो आणि तो परत परत येत होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. माझ्या पलीकडे एक बाई दगड काढत होती. तोंडाला स्कार्फ बांधलेला, अंगभर धूळ, खांद्याला पिशवी तशीच. तिनं आल्या आल्या गफूरभाईंना विचारलं होतं, "कोण अडकलंय?" आणि गफूरभाई मान वर न करता म्हणाले होते, "बाई अडकल्यात! बघत काय बसलात, हात लावा!" तिनं हात लावला होता. जीव तोडून उपसत होती. नगराध्यक्ष आणि ती एकाच वाशाला दोन बाजूंनी धरून ओढत होते.

तेवढ्यात काहीजणांनी एका तिरक्या तुळईला हात घातला आणि ती ओरडली, "ए! तिला हात लावू नका! वरचा भार हालंल! आधी हिकडची कौलं काढा!"

माझ्या हातातलं कौल गळून पडलं.

मी तिच्याजवळ गेलो. स्कार्फच्या वरचे डोळे पाहिले.  "बाई," मी म्हणालो.

"बोलत बसू नका," त्या म्हणाल्या. "आत बाई हाय. जिती असंल."

"बाई... आत तुम्हीच आहात."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळेचना. त्या सकाळी कुणालाही न सांगता बीडला गेल्या होत्या, कचेरीत परत एकदा सांगायला, की निदान हॉलभोवतीचा बाजार तरी हलवा. जाण्याआधी चपला पायरीवर काढून, बूट घालून ओळंबा बघितला होता आणि घाईत तशाच बूट घालून एस.टी. गाठली होती. एस.टी.तून उतरल्या तो समोर छप्पर नव्हतं आणि माणसं ढिगारा उपसत होती. कुणीतरी म्हणालं बाई अडकल्या. त्यांना वाटलं, बाजारातली कुणी बाई. म्हणून त्याही उपसू लागल्या. गाव त्यांना शोधत होतं आणि त्याही गावाबरोबर त्यांनाच शोधत होत्या.

त्यांनी स्कार्फ सोडला.

एकेक माणूस थांबत गेलं. अध्यक्षांच्या हातात वाशाचं दुसरं टोक तसंच होतं. ते ज्या दगडावर उभे होते त्यावरच मटकन बसले. गफूरभाईंनी आधी बाईंकडे पाहिलं, मग ढिगाऱ्याकडे, परत बाईंकडे. "अगे माँ," ते म्हणाले, "सांगून तरी जायाचं ना, बाई!" आणि लहान पोरासारखे हमसून रडायला लागले.

बाईंनी सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं. एकाचाही हात धड नव्हता. "माझ्यासाठी?" त्या हळू म्हणाल्या. पण क्षणभरच. लगेच आवाज चढला, "आन दुसरं कुणी हाय का आत? हाटेलातले सगळे हायत का? बघा, एकमेकाला हाका मारा!"

हाका मारल्या गेल्या. सगळे होते. कुणीही आत नव्हतं.

संध्याकाळी मी त्यांना नळाजवळ बघितलं. एकेकाचे हात धरून त्या पाणी ओतत होत्या, कपच्या काढत होत्या. मग नगराध्यक्षांची पाळी आली. अध्यक्षांचा खांदा हलत होता आणि बाई म्हणाल्या, "हात हालवू नका, काच हाय."

त्यानंतर त्यांच्याकडे बघण्याची गावाची नजर बदलली. त्यांना ते आवडलं नाही. नव्या हॉलची बैठक झाली तेव्हा कुणीतरी सुचवलं, जुन्यासारख्या कमानी फायबरमध्ये मिळतात, त्या लावू. सगळे बाईंकडे बघू लागले. बाई म्हणाल्या, "खोटं म्हातारपण काहून लावता? साधा बांधा. वर चढून आतलं बघता येईल असा बांधा." राहिलेला मनोरा उतरवायलाही त्यांनीच सांगितलं. ते काम चाललं होतं तेव्हा त्या समोर माझ्या दुकानात बसून होत्या. एकेक दगड खाली येताना बघत होत्या. मी चहा दिला, तो तसाच निवला. "चांगला होता हो," एवढंच म्हणाल्या. "आपणच त्याचा श्वास कोंडला."

पुढच्या हिवाळ्यात, गावंच्या गावं ऊसतोडीला गेलेली असताना, सकाळी मला फोन आला. बाई भावाकडे गेल्या होत्या, मेंढरांजवळ उन्हात बसल्या होत्या आणि बसल्या जागी गेल्या. मी फोन कानाला लावून उभाच. दगडांच्या ढिगाऱ्याखालून जे माणूस सापडायची मी आशा सोडली होती आणि जे माझ्या शेजारी उभं सापडलं होतं, ते असं उन्हात बसून, कशाचाही आवाज न होता जाऊ शकतं हे मला पटेना. मी पलीकडच्या माणसाला दोनदा विचारलं, "कोण बाई? नीट सांगा, कोण बाई?"

वडवणीच्या पुढं, माळावर त्यांच्या भावाचं घर. मी, गफूरभाई, गावातले पुष्कळजण गेलो. सगळं आटोपलं तेव्हा एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून वसतिगृहाच्या मुली उतरल्या, अधीक्षक बाई मागे. मुली रांगेनं येऊन उभ्या राहिल्या. काहीजणी रडत होत्या. गलका नव्हता, ढकलाढकली नव्हती.

बाईंचा भाऊ उठून माझ्याजवळ आला. डोळे कोरडे, लाल. पागोट्याचा शेव तोंडाशी धरून त्यानं हळू विचारलं, "फोटोवाले, आमच्या अक्काला लेकरू न्हवतं. मंग ह्या येवढ्या लेकी कुनाच्या?"

मी सांगायला तोंड उघडलं. 

पुढच्या रांगेतली एक बारकी मुलगी आमच्याकडे बघत होती. तिनं ऐकलं असावं. ती म्हणाली, "बाबा, आमी आत होतो."